साथीचे समीकरण आणि गृहीत धरलेली माणसे

मराठीत 'साथ' हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. गवयाला तबलजी देतो ती साथ, आणि पटकी, प्लेग, देवी यांची येते तीही साथच. कोशात या दोन अर्थांची कशीही व्यवस्था लावलेली असो, बोलणाऱ्याच्या मनात त्यांचे नाते तुटलेले नाही. माणूस माणसाच्या सोबत आल्यावाचून साथ येत नाही, एवढे त्या शब्दातच सांगून ठेवलेले आहे. काशीच्या दुर्गाघाटावर या शब्दाची मौज आणखी वाढते. नारायण दीक्षित पाटणकर यांच्या नावाशी ज्याची बांधणी जोडली जाते त्या या घाटाच्या परिसरात अठराव्या शतकापासून मराठी कुटुंबे वसली. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी दुहेरी भाषिक राहणी त्यांच्या अंगवळणी पडली. उंबऱ्याच्या आत 'साथ' म्हटले की रोगाची आठवण निघते, आणि बाहेर तोच शब्द नुसता 'बरोबर' एवढाच अर्थ देतो.

रोगप्रसाराचे आधुनिक गणित ज्या कल्पनेवर उभे आहे ती कल्पना याहून फारशी वेगळी नाही. मात्र विद्यापीठांच्या भाषाविभागांतून या गणिताकडे पाहण्याच्या दोनच तऱ्हा रूढ झालेल्या दिसतात. एक तऱ्हा भाविकाची. समीकरण आहे त्या अर्थी ते खरेच असणार, आपण त्यापुढे मान तुकवावी. दुसरी तऱ्हा रुष्ट रसिकाची. माणसाच्या दुःखाचे आकडे केले म्हणजे माणूस हरवला, आपण तिकडे पाहूच नये. या दोन्ही वृत्तींचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे समीकरण न वाचणे. वस्तुतः गणिती प्रतिमान ही एक संहिता आहे. तिला कर्ता आहे, काळ आहे, स्थळ आहे, आणि तिच्यात जे बोलले गेले त्याइतकेच जे गृहीत धरले गेले त्यालाही महत्त्व आहे. ती वाचण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांनी टाळू नये.

या गणिताचा आरंभ बहुधा डॅनियल बर्नुली याच्यापासून सांगितला जातो. देवीच्या रोगावर टोचून घेतल्याने माणसाचे सरासरी आयुर्मान किती वाढेल, याचा हिशेब त्याने १७६० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. त्याचे उत्तर सुमारे तीन वर्षे असे होते. त्यानंतर सातच वर्षांनी, १७६७ मध्ये, हॉलवेल नावाच्या इंग्रजाने बंगालमधील टोचणीचे वर्णन प्रसिद्ध केले. वृंदावन, अलाहाबाद, बनारस येथून ब्राह्मण टोचणारे दरवर्षी दूरदूरच्या प्रांतांत जात असत, असे त्याने त्यात नोंदवले आहे. हिशेब पॅरिसला मांडला जात होता त्या सुमारास टोचणारे हात काशीहून निघत होते. मराठीने या साऱ्याची स्मृती एका विलक्षण वाक्प्रचारात जपली आहे: रोगाचे नाव 'देवी', आणि प्रतिबंधक उपायाचे नाव 'देवी टोचणे'. दुर्गाघाटापासून ब्रह्मघाट आणि राजमंदिर ओलांडले की शीतलाघाट लागतो. त्याच देवतेची ही गोष्ट.

परंतु साथीच्या गणिताची जी संहिता आज जगभर पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते ती १९२७ ची आहे, आणि तिच्यातील प्रसिद्ध आलेख मुंबईचा आहे. तिचे दोन कर्ते. अँडरसन मॅकेंड्रिक हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला वैद्य. तो रोनाल्ड रॉसबरोबर १९०१ मध्ये सिएरा लिओनला हिवतापाच्या मोहिमेवर गेला होता आणि पुढे कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्याने काम केले. विल्यम कर्मॅक हा रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघाताने त्याची दृष्टी गेली होती. या दोघांनी लोकसंख्येचे तीन गट कल्पिले: ज्यांना लागण होऊ शकते ते, ज्यांना ती झाली आहे ते, आणि जे बरे होऊन किंवा मरून या व्यवहाराबाहेर गेले ते. पहिल्या दोन गटांची गाठ जितक्या वेळा पडेल तितकी नवी लागण. या साध्या मांडणीतून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र साधा नव्हता. साथ ओसरते ती बळी पडण्याजोगी माणसे संपली म्हणून नव्हे. ती माणसे एका विशिष्ट प्रमाणाखाली आली, आणि एका रोग्यामागे सरासरी एकही नवा रोगी होईनासा झाला, की साथ मागे वळते आणि पुष्कळ माणसे अस्पर्शित राहतात. पुढच्या काळात लसीकरणाचे जे हिशेब मांडले गेले त्यांचा पाया येथे आहे.

सिद्धान्ताच्या पडताळ्यासाठी त्यांनी मुंबईतील प्लेगच्या मृत्यूंचे १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील साप्ताहिक आकडे घेतले. सतराव्या आठवड्याच्या सुमारास, आठवड्याला नऊशेच्या आसपास मृत्यू, असे शिखर गाठून उतरणारी त्यांची घंटेसारखी रेषा प्रत्यक्ष आकड्यांच्या ठिपक्यांवर डोळ्यांत भरावी इतकी नेमकी बसते. ती नेमकी बसते म्हणूनच सावधपणे वाचावयास हवी. मुंबईत प्लेग १८९६ पासून दरवर्षी ठराविक ऋतूत वर येई आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ओसरे. तो माणसाकडून माणसाकडे जात नव्हता, उंदीर आणि पिसवा यांच्यामार्फत जात होता. कर्त्यांना हे ठाऊक होते. मनुष्यांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे असे आपण धरून चालतो, बेटावरील सर्व उंदरांना लागणीचा धोका सारखाच होता असे आपण धरून चालतो, हे त्यांनी प्रांजळपणे लिहिले. परंतु पाठ्यपुस्तकांतून आलेख पुढे गेला आणि कबुली मागे राहिली. पिसवांचे ऋतुमान हिशेबात घेतले तर या रेषेचे स्पष्टीकरण निराळे द्यावे लागते, हे अलीकडच्या गणितज्ञांनीच, २०१२ मध्ये, दाखवून दिले आहे. रेषा ठिपक्यांवर बसली म्हणजे तिच्यामागचे कारणही बरोबर ठरले असे होत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला हे नवीन नाही. एकाच श्लोकाचे दोन अन्वय व्याकरणदृष्ट्या लागतात आणि त्यांतला एकच प्रकरणाला धरून असतो, हा अनुभव त्याच्या रोजच्या कामातला आहे.

येथे मराठीतील आणखी एका शब्दप्रयोगाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. गणितात ज्याला 'गृहीत' म्हणतात त्याचेच क्रियारूप 'गृहीत धरणे' हे व्यवहारात तक्रारीचे शब्द आहेत. 'मला गृहीत धरू नका' असे सून सासरी म्हणते, कारकून साहेबाला म्हणतो. ज्याला विचारले नाही आणि ज्याची संमती आहे असे मानून पुढचे ठरवले गेले, तो गृहीत धरला गेला. साथीच्या समीकरणातील प्रत्येक गृहीताला हा दुसरा अर्थ लावून पाहिला तर त्या समीकरणाचा सामाजिक आशय उघडा होतो.

पहिले गृहीत असे की लोकसंख्या बंदिस्त आहे. साथ चालू असता कोणी आत येत नाही व बाहेर जात नाही. काशीत राहणाऱ्याला हे गृहीत ऐकूनच हसू येईल. दुर्गाघाटावरून पंचगंगा, रामघाट, भोसले घाट, शिंदे घाट असे प्रवाहाविरुद्ध चालत गेले की मणिकर्णिका येते. तेथे जळणाऱ्या चितांपैकी कितीतरी परगावाहून आलेल्यांच्या असतात. मरण येथे यावे म्हणून माणसे काशीवासाला येतात. अशा नगरात मृत्यूंची संख्या ही नगराच्या आरोग्याची मोजदाद होऊ शकत नाही. येथे जन्म, मृत्यू, आगमन आणि निर्गमन या चार पदांतील शेवटची दोन पदे पहिल्या दोहोंना झाकून टाकतात. काशीची नुसती शिरगणतीही सरळ नव्हती. १८०० च्या सुमारास झालेल्या मोजणीत नगराची वस्ती पावणेसहा लाखांच्या पुढे धरली गेली होती. येथील टांकसाळीतला अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने १८२८-२९ मध्ये मोहल्ल्यामोहल्ल्याने मोजणी केली तेव्हा ती दोन लाखांच्या आसपास निघाली. पहिल्या मोजणीत एकेका घरात किती माणसे असतील याचा ठोकताळा फुगवलेला होता. माणसे नाहीशी झाली नव्हती, एक गृहीत नाहीसे झाले होते.

मुंबईही बंदिस्त नव्हती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने प्लेग ओळखला आणि काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून कोकणात व देशावर गेली. १८९१ च्या खानेसुमारीत ८,२१,७६४ असलेली मुंबईची वस्ती १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली, याला प्लेगचे मृत्यू आणि हे पलायन दोन्ही कारणे होती. माणसांबरोबर रोगही गावोगाव पोचला. या इतिहासाची पुनरावृत्ती उलट्या दिशेने झाली ती २०२० मध्ये. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. जो जेथे आहे तो तेथेच राहील, हे तिचे गृहीत होते. मुंबईत पोट भरणारा पूर्वांचलचा मजूर तेथे राहू शकेल की नाही, हे कोणी त्याला विचारले नव्हते. तो पायी निघाला. समीकरणात स्थिर धरलेले पद रस्त्यावर चालू लागलेले साऱ्या देशाने पाहिले. पहिली श्रमिक रेल्वेगाडी सुटावयास १ मे उजाडला.

दुसरे गृहीत अधिक खोल आहे. समीकरणात प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडण्याचा संभव सारखा मानलेला असतो. सारा समाज जणू एकाच पात्रात ढवळलेले पाणी. या संदर्भात मॅकेंड्रिकचाच १९२६ चा एक निबंध पाहण्यासारखा आहे. एका भारतीय खेड्यातील पटकीच्या साथीचे आकडे त्यात आहेत. गावात घरे २२३. त्यांपैकी १६८ घरांत एकही रोगी नाही. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. एकूण रोगी ८६. धोका सर्व घरांना सारखाच असता तर योगायोगाच्या नियमाने एकच रोगी असलेली घरे सुमारे ५८ निघाली असती, आणि दोन किंवा अधिक रोगी असलेली याहून बरीच कमी. ज्या अर्थी तसे नाही, त्या अर्थी सर्व घरे एका पाण्यावर नाहीत. मॅकेंड्रिकने हिशेब केला की दूषित पाणी सुमारे ९३ घरेच पीत असावीत, आणि बाकीच्यांची विहीर वेगळी असावी. गावात चौकशी केल्यावर वस्तीचा एक भाग ज्या विहिरीवर पाणी भरत होता अशी एक दूषित विहीर खरोखरच सापडली.

गणिताला तुच्छ लेखणाऱ्यांनी हे उदाहरण दोनदा वाचावे. नुसत्या आकड्यांच्या विस्कळीतपणातून, गाव न पाहता, एका माणसाने विहीर ओळखली. डोळ्यांना जे दिसत नाही ते दाखवण्याची ही शक्ती कोणत्याही उत्तम वाङ्मयीन टीकेला हेवा वाटावा अशी आहे. परंतु गणित जेथे थांबते तेथूनच दुसरा प्रश्न सुरू होतो: ती ९३ घरे कोणाची? एका गावात पाणवठे निरनिराळे का असतात? त्या गावी ही विभागणी अंतराची होती की जातीची, हे आकड्यांवरून ठरत नाही. पण असा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही, कारण त्याला १९२७ हे साल दुसऱ्याच कारणासाठी पाठ आहे. त्या वर्षी २० मार्चला महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव होऊन तीन वर्षे झाली होती, तरीही त्या पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि त्यानंतर परिषदेला आलेल्यांनी मार खाल्ला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कर्मॅक-मॅकेंड्रिकचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. ज्या समीकरणात प्रत्येक जण प्रत्येकाला सारखाच भेटतो ते समीकरण आणि ज्या समाजात एकाची सावली दुसऱ्याला चालत नव्हती तो समाज, एकाच वर्षात शेजारी शेजारी उभे होते. या योगायोगाचा अर्थ समीकरण खोटे असा नव्हे. समाजाच्या भिंती कोठे आहेत हे त्यात भरल्याशिवाय ते या भूमीवर अपुरे राहते, आणि त्या भिंतींचे ज्ञान भाषेत, चालीरीतींत, कथाकादंबऱ्यांत साठवलेले आहे. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या 'संस्कार' (१९६५) या कन्नड कादंबरीत अग्रहारात प्लेग शिरतो तेव्हा ब्राह्मणांचे सारे लक्ष विटाळाकडे असते, मरून पडणाऱ्या उंदरांकडे नसते. विटाळ हाही संसर्गाचाच सिद्धान्त होता, फक्त त्याने चुकीच्या माणसांना रोगी ठरवले. दुर्गाघाटासारख्या ब्राह्मणी वस्तीनेही ही कादंबरी स्वतःपासून फार दूरची मानण्याचे कारण नाही.

तिसरे गृहीत हे की माणसांचे वर्तन साथ चालू असता बदलत नाही. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या हाताखाली सोल्जर घरांत शिरून झडत्या घेऊ लागले. आजारी माणूस लपवला जाईल, प्रेत रात्री गुपचूप नेले जाईल, ही शक्यता त्या योजनेच्या हिशेबात नव्हती. तसे घडले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता प्लेगनेच वारल्या होत्या. शासन माणसांना गृहीत धरत होते आणि सावित्रीबाई रोग्याला पाठुंगळीस घेत होत्या. साथीला तोंड देण्याच्या या दोन रीतींत किती अंतर आहे हे कोणत्याही आलेखावर उमटत नाही. १८९७ चा तोच कायदा २०२० मध्ये राज्याराज्यांनी पुन्हा बाहेर काढला.

प्रतिमान वाचताना होणारी सर्वांत मोठी चूक व्याकरणाची आहे. मराठी व्याकरणात क्रियापदाचे अर्थ चार सांगितले आहेत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. गणिती प्रतिमान नेहमी संकेतार्थात बोलते. असे झाले असता तसे होईल, एवढेच त्याचे म्हणणे. ते वृत्तपत्रात पोचते तेव्हा स्वार्थी होते, म्हणजे 'असे होणार'. आणि कचेरीतून बाहेर पडते तेव्हा आज्ञार्थी होते. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या तज्ज्ञसमितीने सांगितले की कोविडचे शिखर सप्टेंबरमध्ये उलटले असून दक्षता अशीच पाळली गेली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येईल. त्या 'तर'चे पुढे काय झाले? दक्षता सैल झाली, विषाणूने रूप बदलले, आणि एप्रिल-मे २०२१ मध्ये दुसरी लाट आली. काशीच्या घाटांवरील चितांची गर्दी आणि सरकारी नोंदीतील मृत्यू यांत अंतर किती, याची चर्चा त्या दिवसांत देशभर झाली. समितीचे गणित तपासणे हे गणितज्ञांचे काम आहे. एक अट वाचता वाचता कशी गळून पडते हे तपासणे मात्र भाषाविभागाचे काम होते. ते कोणी केले नाही.

याचे एक कारण परिभाषेचे दारिद्र्य हे आहे. कोविडच्या काळात मराठी वाचकाला 'कर्व्ह', 'पीक', 'आर-नॉट', 'हर्ड इम्युनिटी' हे शब्द जसेच्या तसे मिळाले. परके शब्द घेण्यात वाईट काही नाही. 'प्लेग' हाही परकाच, आणि आज तो घरचा झाला आहे. पण जो शब्द समजत नाही त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. 'एका रोग्यामागे सरासरी किती नवे रोगी' असे म्हटले असते तर घाटावरच्या कोणाही बाईने विचारले असते: कोणाच्या घरातला रोगी? एका खोलीत आठ माणसे राहणाऱ्याचा की वाड्यात राहणाऱ्याचा? हा प्रश्न रोगप्रसाराच्या गणितातील अत्यंत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो विचारण्यासाठी पदवी लागत नाही. आपली भाषा लागते.

तेव्हा मागणी मोठी नाही. तौलनिक साहित्याच्या वर्गात १९२६ आणि १९२७ चे हे दोन निबंध प्लेगवरील कथाकादंबऱ्यांच्या शेजारी ठेवून वाचले जावेत. त्यातील गृहीतांची यादी विद्यार्थ्याने स्वतःच्या भाषेत, परिभाषेचा आधार न घेता, करावी. गणिताच्या विद्यार्थ्याला त्या वर्गात बोलवावे आणि त्यानेही सांगावे की कोणते गृहीत काढले तर समीकरणाचे काय होते. आणि काशीपुरते बोलावयाचे तर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांकडे वळावे. पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंची नावे, गावे, वडील-आजोबांची नावे, येण्याचे निमित्त हे सारे त्यांत नोंदलेले असते. महाराष्ट्रातून काशीस कोण, केव्हा, कोणत्या कारणाने येत होते याचा इतका सलग पुरावा दुसरीकडे मिळणे कठीण. बंदिस्त लोकसंख्येचे गृहीत जेथे पार कोलमडते तेथेच त्याला पर्याय देणारी सामग्री कापडात गुंडाळून पडलेली आहे. ती वाचावयास मोडी येणारा माणूस हवा आणि संख्याशास्त्र जाणणाराही हवा.

असे दोघे एका ठिकाणी येणे अशक्य नाही, हे या नगरानेच दाखवले आहे. ज्या प्रिन्सेपने काशीची माणसे मोजली त्यानेच पुढे ब्राह्मी लिपीचा उलगडा पुरा केला. विसाव्या शतकाच्या आरंभी धर्मानंद कोसंबी गोव्याहून संस्कृतासाठी काशीस आले, अन्नछत्रात जेवून गंगाधरशास्त्री तेलंगांपाशी शिकले. त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी १९२९ ते १९३१ या काळात काशी हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवीत होते. आनुवंशिकीतील एक सूत्र आज त्यांच्या नावाने ओळखले जाते, आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची पाठचिकित्साही त्यांचीच. त्यांच्या काळी विद्यापीठात गणिताची खोली आणि संस्कृताची खोली यांच्यामधला व्हरांडा आजच्याहून अरुंद होता असे नाही. त्यांनी तो ओलांडला, एवढेच. पुढची साथ केव्हा येईल हे कोणतेही समीकरण सांगत नाही, पण ती येईल तेव्हा तिचे गणित मांडणाऱ्याला 'यात तुम्ही कोणाला गृहीत धरले आहे?' असे मराठीत विचारणारी माणसे तयार असावयास हवीत. त्यांना घडवण्याचे काम या वर्गांतूनच व्हावयाचे आहे.